'ज्याचं काम त्यानं करावं' एवढ्यानं न्याय होतो का? (प्लेटो, 'रिपब्लिक', चौथं पुस्तक)

पायवाट

'रिपब्लिक'च्या चौथ्या पुस्तकाशी बहुतेकांचं गाडं रुततं, आणि ते रुतायलाच हवं असं मला वाटतं. म्हणून हा धागा.

आधी थोडी उजळणी. पायरियस बंदरात पॉलेमार्कसच्या घरी 'न्याय म्हणजे काय' यावर बोलणं सुरू होतं. त्याचा म्हातारा बाप सेफलस म्हणतो, खरं बोलावं, घेतलेलं परत करावं, हाच न्याय. सॉक्रेटिस विचारतो, मित्रानं शुद्धीत असताना शस्त्रं ठेवायला दिली आणि डोकं फिरल्यावर परत मागितली, तर द्यायची का? सेफलस पूजेचं बघायला उठून जातो आणि पॉलेमार्कस वाद पुढे चालवतो : ज्याचं जे देणं लागतो ते द्यावं, म्हणजे मित्राचं भलं करावं आणि शत्रूचं वाईट. तेही टिकत नाही. कुणाचं वाईट केलं की तो माणूस म्हणून आणखी बिघडतो, आणि न्यायानं माणूस बिघडत असेल तर तो न्याय कसला? मग थ्रॅसिमॅकस अंगावर धावून येतो : बलवानाच्या हिताचं जे असतं त्यालाच न्याय म्हणतात. त्याला गप्प केलं जातं, पण पटलेलं कुणालाच नसतं. दुसऱ्या पुस्तकात ग्लॉकॉन (प्लेटोचा भाऊ) गायजेसच्या अंगठीची गोष्ट सांगून तोच मुद्दा धारदार करतो. अदृश्य होता आलं, तर न्यायानं वागेल कोण?

एवढं सगळं झाल्यावर परिच्छेद ४३३ मध्ये (आवृत्त्यांच्या कडेला छापलेला क्रमांक) उत्तर येतं. प्रत्येकानं आपापलं काम करावं, दुसऱ्याच्या कामात पडू नये.

ही न्यायाची व्याख्या झाली की कारखान्यातल्या कामवाटपाची? शस्त्रं परत करायची की नाही, चोराला शिक्षा किती, जमिनीचे वाटे कसे, यातलं काहीच या वाक्यातून निघत नाही. जाणकारांनी मजकुराला धरून लिहावं.

उंबरठा

शब्दापासून सुरुवात करू. 'डिकायोसुनी' आपल्या 'न्याया'पेक्षा ऐसपैस आहे. आपल्याकडे न्याय म्हटलं की कोर्ट, निकाल, वाटणी डोळ्यांपुढे येते. ग्रीकमध्ये हा माणसाचा गुण आहे. सचोटी, नीतीनं वागणं, कुणाचं ओरबाडून न घेणं, सगळं त्यात येतं. पायवाट, तुम्ही शोधताय ती 'डिके', म्हणजे खटला आणि निवाडा. प्लेटो इथे ते सांगायला बसलेलाच नाही.

व्याख्येची उलटी बाजूही बघा. न्यायाच्या विरुद्ध तो 'पोल्युप्राग्मोसुनी' ठेवतो. शब्दशः 'अनेक कामं करणं'. मराठीत नेमका शब्द 'लुडबुड'. 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणं' जवळ येतं, पण त्यात निदान परोपकार आहे, ग्रीक शब्दात तो नाही. ऊठसूट दुसऱ्यावर खटले भरत फिरणाऱ्याला अथेन्समध्ये हे नाव ठेवत.

गणिती

व्याख्येपेक्षा तिथवर पोचायची रीत तपासा. सॉक्रेटिस म्हणतो, आपण बोलता बोलता कल्पनेत वसवलेलं हे राज्य उत्तम आहे, म्हणजे ते शहाणं, शूर, संयमी आणि न्यायी असणार. चारांतले तीन गुण सापडले की उरेल तो न्याय. ही सरळ वजाबाकी आहे. वजाबाकी बरोबर यायची तर यादी पुरी हवी आणि रकाने एकमेकांत शिरायला नकोत.

यादी पुरी आहे हे कुठेच सिद्ध केलेलं नाही. ग्लॉकॉन हो म्हणतो आणि विषय पुढे सरकतो. 'प्रोटागोरस' संवादात प्लेटोच पाचवा गुण धरतो, देवभक्ती. रकान्यांचं म्हणाल तर शहाणपण राज्यकर्त्यांत आणि शौर्य सैनिकांत हे स्वच्छ आहे. संयम मात्र तिन्ही वर्गांत (राज्यकर्ते, सैनिक आणि शेतकरी-कारागीर) पसरलेला : राज्य कुणी करायचं यावर सगळ्यांचं एकमत. आणि न्याय म्हणजे तिघांनी आपापल्या जागी राहणं. एकमत असेल तर जागा सोडेल कोण आणि कशाला? ही भिंत फार पातळ आहे.

त्याच पानांवर शिकारीचं चित्र आहे. झुडपाला वेढा घालून उभं राहा, न्याय निसटू देऊ नका, असं सॉक्रेटिस ग्लॉकॉनला सांगतो. आणि मग म्हणतो, हा तर सुरुवातीपासून आपल्या पायांशी लोळत होता. काखेत कळसा, गावाला वळसा. दुसऱ्या पुस्तकात शेतकरी, गवंडी, विणकर आणि जोडे बनवणारा अशा चार-पाच माणसांचं पहिलं गाव वसवलं, तेव्हाच 'एकानं एकच काम करावं' हा नियम आत ठेवून दिला होता. चौथ्या पुस्तकात तोच बाहेर निघतो.

जोडशब्द

४३३ वाचून थांबू नका, लगेच पुढचा ४३४ घ्या. सुतार आणि जोडे बनवणारा यांनी आपापसांत हत्यारं बदलली, कामं बदलली, किंवा एकानंच दोन्ही केली, तर राज्याचं फार बिघडतं का? सॉक्रेटिस आणि ग्लॉकॉन दोघंही म्हणतात, फार नाही. पण पैशाच्या जोरावर कुणी सैनिकांत घुसला, किंवा सैनिक लायकी नसताना राज्यकर्ता झाला, तर राज्य बुडतं. म्हणजे व्याख्या धंद्यांबद्दल नाहीच, तीन वर्गांतल्या सरमिसळीबद्दल आहे. पायवाट यांची कारखान्याची शंका इथे निम्मी सुटते.

जाता जाता भाषांतराचं एक. मूळचा 'स्क्युटोटोमोस' मराठीत 'चांभार' केला की वाचकाला जात दिसते. ग्रीकमध्ये तो फक्त कातडं कापून जोडे करणारा आहे. 'जोडे बनवणारा' असंच लिहावं, नाहीतर व्याख्या वाचायच्या आधीच वाद सुरू होतो.

नर्मदेकाठ

वाद व्हायलाच हवा, जोडशब्द. राज्यकर्ते, सैनिक आणि उरलेले सगळे राबणारे. वर 'आपापलं काम करा, दुसऱ्याच्यात पडू नका.' आपल्याकडे हेच 'स्वधर्म' म्हणून सांगितलं गेलं. शब्द ग्रीक आहेत म्हणून चातुर्वर्ण्य बदलतं का?

तर्ककर्कश

साम्य आहे. फरकही मजकुरात आहेत, ते आधी मांडू.

तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी ते प्रसिद्ध 'थोर असत्य' येतं. सगळे या मातीच्या पोटातून जन्मलेले भाऊ आहेत. देवानं घडवताना राज्यकर्त्यांत सोनं मिसळलं, सैनिकांत चांदी, शेतकरी-कारागिरांत लोखंड आणि कासं. लोक इथे थांबतात. परिच्छेद ४१५ मात्र पुढे सांगतो, की सोन्याच्या पोटी चांदी आणि चांदीच्या पोटी सोनं निपजू शकतं. राज्यकर्त्याच्या मुलात लोखंड निघालं तर दया न दाखवता खाली पाठवा. कारागिराच्या मुलात सोनं निघालं तर मानानं वर आणा.

दुसरं, मालमत्तेचा हिशेब उलटा आहे. वरच्या दोन वर्गांना घर नाही, जमीन नाही, सोन्या-चांदीला हात लावायचीही बंदी. वर्षाला पुरेल एवढंच धान्य, तेही रखवालीची मजुरी म्हणून, आणि जेवण छावणीतल्यासारखं एकत्र. मालकी फक्त तिसऱ्या वर्गाकडे. सत्ता आणि पैसा एका हातात येऊ द्यायचा नाही, हा प्लेटोचा सगळ्यात कडक नियम आहे, आणि तो चातुर्वर्ण्यात नाही.

शारदा

तर्ककर्कश, दोन्ही फरक मान्य. तरी नर्मदेकाठ यांचा प्रश्न उडत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'च्या भाषणात, जे लाहोरला व्हायचं होतं आणि झालंच नाही, ही तुलना स्वतः केली आहे. चातुर्वर्ण्य प्लेटोच्या आदर्शाला जवळचं आहे असं ते म्हणतात. त्यांचा आक्षेप 'जन्मानं ठरतं' एवढाच नाही. माणसं तीन-चार ठळक कप्प्यांत बसतात हे गृहीतच उथळ आहे, प्रत्येक माणूस वेगळा असतो आणि एका माणसातही नाना तऱ्हेचे कल असतात, हे प्लेटोला दिसलं नाही, असा तो आक्षेप आहे.

म्हणजे मुलाला वरच्या कप्प्यात नेलं तरी कप्पे तीनच राहतात. ४१५ हे आंबेडकरांना उत्तर होत नाही.

मोगरा

शारदा यांच्याशी सहमत. हा प्रतिसाद धाग्याच्या वर डकवून ठेवा.

उंबरठा

कप्पे तीनच का, याचं प्लेटोजवळ कारण आहे, आणि ते राज्यात नसून माणसात आहे. बारीक अक्षरं लांबून वाचता येत नाहीत म्हणून तीच मोठ्या अक्षरांत कुठे लिहिलेली असली तर आधी ती वाचावीत, असं म्हणून दुसऱ्या पुस्तकात राज्याचा विषय निघतो. राज्य हे मोठं अक्षर, मन हे बारीक. मनाचे भाग तीन : विचार, 'थ्युमोस' आणि वासना. 'थ्युमोस'ला मराठीत एक शब्द पुरत नाही. राग, त्वेष आणि मानीपणा हे तिन्ही त्यात आहेत.

तो वेगळा भाग आहे हे दाखवायला प्लेटो लिऑन्टियसचा प्रसंग देतो. पायरियसहून वर येताना उत्तरेकडच्या तटाबाहेर, जल्लादाच्या पायाशी पडलेली प्रेतं त्याला दिसतात. बघावंसं वाटतं आणि किळसही येते. तोंड झाकून तो बराच वेळ स्वतःशी झगडतो. शेवटी डोळे फाडून प्रेतांकडे धावतो आणि डोळ्यांनाच म्हणतो, घ्या मेल्यांनो, डोळे भरून बघा! इथे चिडणारा कोण? वासना नव्हे, ती तर जिंकली. थंड विचारही असा चिडत नाही. तिसरं काहीतरी आहे, आणि ते सहसा विचाराची बाजू घेतं.

म्हणून न्यायी माणूस म्हणजे ज्याच्या आत हे तिन्ही आपापलं काम करतात तो. ४४३ मध्ये प्लेटो स्पष्ट म्हणतो, बाहेरची कामं आपापली करणं ही न्यायाची सावली आहे, खरा न्याय आतला.

गणिती

उंबरठा, मग खरा खड्डा तिथेच आहे. १९६३ साली डेव्हिड सॅक्स यांनी एका लेखात तो दाखवला. ग्लॉकॉननं विचारलं होतं, चोरी-फसवणूक न करणारा माणूस सुखी का? प्लेटो उत्तर देतो, ज्याचं मन जुळलेलं आहे तो सुखी. हे दोन वेगळे न्याय झाले. मन जुळलेला माणूस चोरी करणारच नाही, आणि चोरी न करणाऱ्याचं मन जुळलेलंच असतं, असे दोन पूल बांधल्याशिवाय उत्तर प्रश्नाला भिडत नाही. ४४२-४४३ मध्ये प्लेटो पहिल्या पुलाची फळी टाकतो : असा माणूस ठेव बुडवेल का, देऊळ लुटेल का, व्यभिचार करेल का, आईबापांना टाकेल का? ग्लॉकॉन म्हणतो, छे. युक्तिवाद म्हणाल तर एवढाच. दुसरा पूल बांधलेलाच नाही. सेफलस भला आहे तो सवयीनं आणि मरणाच्या भीतीनं. त्याचं मन तपासायला कुणी गेलं नाही.

पायवाट

फार कामाचे प्रतिसाद. म्हणजे माझी शंका सरकली आणि वेगळ्या ठिकाणी येऊन बसली. 'आपापलं काम' मान्य केलं, तरी कुणाचं काम कोणतं हे ठरवायचं कुणी आणि कसं? सगळा न्याय त्या ठरवण्यावर उभा आहे. त्याची पद्धत मजकुरात किती दिली आहे?

मोजपट्टी

दिली आहे, पण एकाच बाजूला. वेळापत्रक असं.

लहानपणी गोष्टी, गाणं आणि व्यायाम. गोष्टी निवडून : देव भांडतात, खोटं बोलतात, शूर पुरुष रडतात असं काही नको. गणिताची ओळख खेळातून, कारण मारूनमुटकून शिकवलेलं मनात राहत नाही. मग दोन-तीन वर्षं फक्त कसरत, त्या काळात अभ्यास बंद, कारण थकवा आणि झोप हे अभ्यासाचे शत्रू. २० व्या वर्षी पहिली चाळण. २० ते ३० पाच विषय : अंकगणित, सपाट भूमिती, घनभूमिती, खगोल, स्वरशास्त्र. ३० ला दुसरी चाळण, मग ५ वर्षं वादशास्त्र. आधी नाही, कारण तरुण पोरं नव्यानं वाद शिकली की कुत्र्याच्या पिलांसारखी येईल त्याला ओढतात, फाडतात, आणि शेवटी कशावरच विश्वास ठेवत नाहीत. ३५ ते ५० पुन्हा गुहेत, म्हणजे हुद्द्यांवर प्रत्यक्ष काम. जे यातून तरले ते ५० नंतर आळीपाळीनं राज्य करतात.

शिवाय स्वभावाच्या परीक्षा. राज्याचं हित तेच आपलं, ही धारणा माणूस तीन तऱ्हांनी गमावतो. कुणी बोलून ती चोरून नेतं, दुःख ती हिसकावतं, सुख किंवा भीती भुलवतं. म्हणून शिंगराला गोंगाटात नेऊन बुजतं का बघतात, तसं पोरांना तिन्हीतून काढायचं.

आता रिकामी जागा. हे सगळं रक्षकांच्या, म्हणजे वरच्या दोन वर्गांच्या, मुलांचं. कारागिराच्या मुलात सोनं निघालं तर वर आणा म्हटलं, पण त्या मुलाला पारखायला कोण जातं, कोणत्या वयात, कोणत्या शाळेत? एक ओळ नाही. ॲरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'च्या दुसऱ्या पुस्तकात हाच दोष काढला : शेतकऱ्यांचं शिक्षण काय, मालमत्तेची व्यवस्था काय, त्यांचीही बायकामुलं सामाईक का, हे सॉक्रेटिस सांगतच नाही, आणि राज्यातली बहुसंख्या तर तीच आहे.

वर नेण्याची शिडी सांगितली आणि खालच्या पायऱ्या बसवल्याच नाहीत. माझ्या मते शारदांचा आक्षेप इथे सगळ्यात घट्ट बसतो.

दिवेलागण

पारखण्याच्या बाबतीत प्लेटो एका ठिकाणी त्याच्या काळाच्या फार पुढे आहे. पाचव्या पुस्तकात बायकांना रक्षक करायचं म्हणतो आणि हरकत स्वतःच घेतो : वेगळ्या प्रकृतीला वेगळं काम, हा तर आपलाच नियम! उत्तर असं, की फरक कामाशी लागू हवा. टकले जोडे बनवत असतील तर केसवाल्यांनी बनवू नयेत का? मूल कोण जन्माला घालतं या फरकाचा राज्य चालवण्याशी संबंध नाही. राखणीच्या कुत्र्यांत आपण माद्यांना पिलं होतात म्हणून घरात बसवत नाही.

पण त्याच पुस्तकात जोड्या लावायच्या चिठ्ठ्या आहेत, आणि त्या राज्यकर्ते आतून ठरवून काढतात, म्हणजे ज्याला जोडीदार मिळाला नाही तो नशिबाला दोष देईल, राज्यकर्त्यांना नाही. न्यायाच्या राज्यातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. थोर असत्य निदान सगळ्यांना सांगायचं असतं, जमलं तर राज्यकर्त्यांनाही. ही चिठ्ठी मात्र फक्त खालच्यांना फसवते.

नाणं

पायवाट यांच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो : शिक्षा, वाटे, परतफेड. ते हवं असेल तर ॲरिस्टॉटलच्या 'निकोमाखियन एथिक्स'चं पाचवं पुस्तक उघडा. तिथे गणित करून दिलं आहे.

वाटणीचा न्याय प्रमाणानं चालतो : माणसाला माणूस जसा, तसा वाट्याला वाटा. 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या पुस्तकातली उदाहरणं घ्या : १०० मिनांच्या (मिना हे ग्रीक चलन) भांडवलात एकानं १ मिना घातला आणि दुसऱ्यानं ९९, तर नफा निम्मा-निम्मा हा अन्याय. भांडण सूत्रावर होत नाही, माणूस कशानं मोजायचा यावर होतं. लोकशाहीवाले म्हणतात स्वतंत्र जन्मला एवढं पुरे. श्रीमंत म्हणतात संपत्तीनं मोजा. ॲरिस्टॉटल म्हणतो राज्य कशासाठी आहे ते आधी बघा. बासऱ्या वाटायच्या तर उत्तम बासरी सर्वांत चांगल्या वाजवणाऱ्याला, खानदानी किंवा देखण्या माणसाला नव्हे, कारण बासरी असते वाजवण्यासाठी.

भरपाईचा न्याय वेगळा. तिथे माणूस मोजायचा नाही, फक्त नुकसान मोजायचं. दोघांकडे १०-१० होते, एकानं ३ लुबाडले. आता १३ आणि ७. मधला आकडा १०. जास्तीवाल्याकडचे मध्याच्या वरचे ३ काढायचे आणि कमीवाल्याला द्यायचे. भल्यानं बुऱ्याला लुबाडलं की बुऱ्यानं भल्याला, कायदा बघत नाही. चूक होते ती दोन्हींची गल्लत केल्यानं : निवाड्यात माणसाचा मान मोजला की पक्षपात, आणि वाटणीत सगळ्यांना डोळे मिटून सारखं दिलं की तोही अन्याय.

आणि जिथे कायदा बसतच नाही तिथे लेस्बॉसच्या गवंड्यांची शिशाची पट्टी. लाकडी पट्टी ताठ राहते, शिशाची दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. कायदा सगळ्यांसाठी एकदाच लिहिलेला असतो, तो समोरच्या प्रकरणाला असा वाकवून लावावा लागतो. शस्त्रं मागणाऱ्या भ्रमिष्ट मित्राचं उत्तर या पट्टीत आहे.

खडा

पुस्तकातला न्याय झाला, रस्त्यावरचाही बघा. 'कुणाचं काम कोणतं' याचं अथेन्सचं उत्तर होतं : निवाडा करणं हे सगळ्यांचं काम, आणि आज कुणाचं ते चिठ्ठी ठरवेल.

चौथ्या शतकातली पद्धत. दर वर्षी ३० वर्षांवरचे ६००० नागरिक पंच म्हणून नोंदवलेले. प्रत्येकाजवळ नावाची पट्टी, तीवर बापाचं नाव, गाव आणि एक अक्षर. दाराशी 'क्लेरोटेरियन' नावाची उभी शिळा, तीत खाचांचे पाच उभे रकाने. अक्षराप्रमाणे पट्ट्या रकान्यांत खोचायच्या. शिळेच्या कडेला नळी, तीत काळे-पांढरे ठोकळे मिसळून ओतायचे आणि खालून एकेक सोडायचा. पांढरा पडला की ती आडवी ओळ, म्हणजे पाच जण, आत. काळा पडला की पाचही घरी. कोणत्या न्यायालयात बसायचं हे पुन्हा वेगळ्या चिठ्ठीनं, त्याच सकाळी. लाच द्यायची तर कुणाला द्यायची हेच कळत नसे.

मतासाठी प्रत्येकाला काशाच्या दोन चकत्या. एकीचा आस पोकळ, तो फिर्यादीसाठी. दुसरीचा भरीव, तो आरोपीसाठी. आसाची टोकं अंगठा आणि बोटात धरली की कोणती कुठली हे शेजाऱ्याला दिसत नाही. मोजायची चकती काशाच्या घड्यात, उरलेली लाकडी पेटीत. मग ३ ओबोल मजुरी. भाषणाला पाण्याचं घड्याळ : ५००० द्राख्मांवरच्या दाव्यात पहिल्या भाषणाला १० खूस पाणी, दुसऱ्याला ३. अगोरात, म्हणजे अथेन्सच्या चौकात, सापडलेलं घड्याळ २ खूसचं आहे, ६.४ लिटर, आणि साधारण ६ मिनिटांत रिकामं होतं. म्हणजे पाच हजारांवरच्या दाव्यात पहिल्या भाषणाला अर्धा तास.

सार्वजनिक फिर्याद करणाऱ्याला पाचवा हिस्साही मतं पडली नाहीत तर १००० द्राख्मा दंड. उंबरठा यांनी सांगितलेली लुडबुड रोखायला हा दंडच होता.

तर्ककर्कश

आणि याच व्यवस्थेनं इ.स.पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विष दिलं. प्लेटो चिठ्ठीवर का चिडतो ते यावरून समजतं. जहाजाचा सुकाणूवाला चिठ्ठीनं निवडाल का, हा त्याचा प्रश्न आहे.

उत्तर मात्र त्यानंच प्रोटागोरसच्या तोंडी लिहून ठेवलं आहे. झ्यूस हर्मिसला लाज आणि न्याय घेऊन माणसांकडे पाठवतो. हर्मिस विचारतो, वैद्यकीसारखं वाटू का, एकाला दिलं की पुष्कळांना पुरतं? झ्यूस म्हणतो, नाही, प्रत्येकाला दे, नाहीतर गावं वसणार नाहीत. शिळेतल्या ठोकळ्यांमागचा विचार हाच आहे.

दुसरी बाजूही विसरू नये. ज्या पॉलेमार्कसच्या घरी हा संवाद घडतो, त्याला इ.स.पूर्व ४०४ मध्ये अथेन्सची सत्ता बळकावलेल्या तीस जुलूमशहांनी खटला न चालवता विष प्यायला लावलं आणि त्या कुटुंबाच्या ७०० ढाली व १२० गुलाम उचलून नेले. त्याचा भाऊ लिसियस यानं पुढे हे सगळं भाषणात नोंदवलं. तिसांचा म्होरक्या क्रिटियास प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. 'मोजक्या लायक लोकांनी राज्य करावं' याचं फळ प्लेटोनं घरातच बघितलं होतं.

नर्मदेकाठ

ते १२० गुलाम! न्यायावरचा जगातला सर्वांत प्रसिद्ध संवाद ज्या घरात झाला, ते घर गुलामांच्या कारखान्यावर चालत होतं. 'आपापलं काम' म्हणताना ते काम कुणी निवडून दिलं, हे त्या १२० जणांना कोण विचारणार होतं? ॲरिस्टॉटल तर काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात असं लिहितो. हे नोंदवल्याशिवाय हा धागा पुरा होत नाही.

गणिती

नर्मदेकाठ, पूर्ण सहमत.

म्हातारपणीच्या 'लॉज'मध्ये प्लेटोनं पुन्हा राज्य उभारलं, क्रीटमधलं मॅग्नेशिया. गुलामी तिथेही आहे, पण नागरिकांच्या वाटणीचं गणित पाहण्याजोगं आहे. घरं ५०४०. हा आकडा १ पासून ७ पर्यंतचा गुणाकार. १ ते १० प्रत्येकानं भाग जातो, १२ नंही जातो, म्हणून १२ जमाती, प्रत्येकीत ४२० घरं. ११ नं जात नाही, पण दोन घरं बाजूला काढली की ५०३८, म्हणजे ११ गुणिले ४५८. हेही प्लेटोनं स्वतः लिहिलंय. प्रत्येक घराला जमिनीचे दोन तुकडे : एक नगराजवळ असेल तर दुसरा सीमेवर, म्हणजे सीमेच्या भांडणाची झळ सगळ्यांना सारखी. वाटा विकायचा नाही, तोडायचा नाही, वारस एकच. वरकड कमाई मूळ वाट्याच्या चौपटीपर्यंत. त्यापुढचं राज्याला आणि देवाला. लपवलं तर सांगणाऱ्याला त्यातलं निम्मं.

ॲरिस्टॉटलचा शेरा : काम न करता जेवणारे पाच हजार पोसायचे तर बॅबिलॉनएवढा मुलूख लागेल.

शारदा

'लॉज' काढलंत ते बरं झालं, कारण पायवाट यांच्या 'कुणी ठरवायचं'ला प्लेटोचं शेवटचं उत्तर तिथे आहे. मॅग्नेशियात ३७ कायदेरक्षक निवडायचे असतात. ज्यांनी शस्त्र धरलं आहे ते सगळे मत देतात. पाटीवर उमेदवाराचं नाव, बाप, जमात, गाव, आणि खाली स्वतःचंही नाव तसंच. पाटी देवाच्या वेदीवर ठेवायची. एखादी पाटी पटली नाही तर कुणीही ती उचलून निदान ३० दिवस चौकात मांडू शकतो. त्यातून ३००, मग १००, मग ३७. वय ५० च्या खाली नको, ७० च्या पुढे नको, म्हणजे फार तर २० वर्षं.

मोजपट्टी

आणि हुद्दा सोडणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब तपासायला तपासनीस, तेही निवडलेले, पन्नाशीपुढचे. हे तपासनीस राज्यातले सर्वांत मानाचे लोक, त्यांची अंत्ययात्रासुद्धा वेगळी. तरी त्यांच्यावरही खटला भरता येतो. फिर्यादीला पाचवा हिस्सा मतं नाही पडली तर दंड त्याच्या संपत्तीच्या वर्गाप्रमाणे : १२, ८, ६ किंवा २ मिना. खडा यांनी सांगितलेला अथेन्सचाच नियम, गरिबाला झेपेल असा केलेला.

'रिपब्लिक'मध्ये पन्नाशीच्या तत्त्वज्ञाला तपासणारं कुणी नाही. 'लॉज'मध्ये प्लेटो लिहितो, की बेबंद सत्ता मिळाल्यावर न बिघडणारा माणूस निपजत नाही, म्हणून दुसऱ्या क्रमांकाची वाट धरावी : कायद्याची.

पायवाट

मग ४३३ वाचताना तो चौकात ३० दिवस मांडलेल्या पाटीशेजारी ठेवून वाचावा, असं आता वाटतं. पुढच्या वाचनाला 'लॉज'चं सहावं पुस्तक घेऊ, परिच्छेद ७५१ पासून. अकरावं-बारावं आधी नको, तपासनीस कळायला निवडणूक आधी कळायला हवी. जोडशब्द, त्यातल्या हुद्द्यांच्या नावांना मराठी शब्द सुचवाल का? 'नोमोफुलाकेस'ला 'कायदेरक्षक' ठीक वाटतो, 'युथुनोई'ला मात्र 'तपासनीस' थोडा फिका पडतो.

जोडशब्द

'युथुनोई'च्या मुळाशी 'सरळ करणं' आहे. वाकलेलं सरळ करणारे. नुसता हिशेब बघणारे नव्हेत. 'झाडाझडती घेणारे' अर्थानं जवळ आहे, पण हुद्द्याचं नाव म्हणून लांब होतं. उद्या दोन-तीन पर्याय टाकतो.